मोखाड्यापर्यंत पोचलेला घोडा

सर्पदंशावरच्या इंजेक्शनच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद असतो. अक्षर इतकं बारीक की सहसा कुणी वाचायच्या भानगडीत पडत नाही. मी वाचायचो. मोखाडा तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात औषध निर्माण अधिकारी म्हणून माझं कामच ते होतं. आलेला माल मोजायचा, बॅच नंबर आणि मुदत स्टॉकबुकात चढवायची, साठा उतरणीला लागला की वर मागणी पाठवायची. त्या कागदावर नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांची नावं असतात आणि एका मिलिलीटरमध्ये कुणाचं किती विष निष्प्रभ होतं त्याचे आकडे असतात. नाग आणि घोणस ०.६ मिलिग्रॅम, मण्यार आणि फुरसं ०.४५. हे आकडे मला निवृत्तीनंतरही पाठ आहेत. घोड्याबद्दल मात्र एकच ओळ असते: औषध घोड्याच्या रक्तद्रवापासून तयार केलेलं आहे. कुठला घोडा, कुणाचा, कसा, काही नाही.

आमच्या भागात घोडा तसा दिसतच नाही. शेतीला बैल आणि रेडे. लग्नाच्या वरातीत आताशा कुणी हौसेनं भाड्यानं आणतो, तेवढाच. इतिहासात तेवढा तो येऊन गेलेला आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर निघाले, तेव्हा त्यांच्या फौजेचा मुक्काम जव्हारजवळ पडला होता आणि राजे विक्रमशहा मुकणे यांनी महाराजांना शिरपेच चढवला असं सांगतात. ती जागा म्हणजे शिरपामाळ. सहलीला येणारे तिथे फोटो काढतात आणि निघून जातात. आठच वर्षांनी, १६७२ मध्ये, मोरोपंत पिंगळ्यांनी तेच जव्हार जिंकून घेतलं ही गोष्ट तिथे फारशी कुणी काढत नाही. असो. सुरतेच्या वाटेवर हजारो घोडी ह्या माळावरून गेली असणार, आणि नंतर आमच्या डोंगरात घोडा उरला तो भिंतीवर. वारल्यांच्या लग्नात सुवासिनी तांदळाच्या पिठानं देवचौक लिहितात, त्यात पंचशिऱ्या देव घोड्यावर बसलेला असतो. ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या घोडा पाळला नाही, त्यांच्या भिंतीवर तो इतका रुबाबदार कसा उतरतो, याचं मला नेहमी नवल वाटे.

आणि मग हा दुसरा घोडा, माझ्या कपाटातला.

पावसाळा लागला की त्याची गरज पडायला लागते. नागली आणि वरी लावायची, भात लावायचं, गुडघाभर गवतातून गुरं न्यायची. हात-पाय सगळे उघडे. फुरसं दगडाखाली, घोणस बांधावर. मण्यारीचं वेगळंच. ती रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला डसते, आणि दंशाची जागा सुजतही नाही. पहाटे पोट दुखतं, घसा धरतो, पापण्या मिटायला लागतात. घरच्यांना वाटतं अजीर्ण झालं. कुणी ओव्यानं पोट चोळतं, कुणी भगताकडे नेतं. मोटारसायकलवर पुढे चालवणारा, मागे धरणारा आणि मध्ये रोगी, अशी तिघांची जोडणी फाटकातून आत आली की आम्ही कामाला लागायचो. कित्येक पाड्यांना गाडीरस्ता नाही, तिथून आधी झोळी. वेळ सगळा त्यात जातो.

डॉक्टर काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं तसंच ठेवतात. नळी कलती केल्यावर रक्त गोठलेलं नसलं तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात भिनलंय हे समजायचं. मग माझं कपाट उघडायचं. सुरुवातीलाच आठ ते दहा व्हायल लागतात. कोरडी पावडर पाण्यात विरघळवायची, हलवायची नाही, फेस होतो. हातात धरून गोल गोल फिरवत राहायचं. हे काम सिस्टरबरोबर मीही केलंय. बाजूला ॲड्रेनलिन भरून तयार, कारण घोड्याचं प्रथिन माणसाच्या अंगाला परकं असतं. कुणाला खाज सुटते, कुणाला हुडहुडी भरते, कुणाचा रक्तदाब कोसळतो. लहान मुलाला डोस निम्मा द्यायचा का, असं नवे डॉक्टर हमखास विचारत. नाही. साप मूल बघून विष कमी सोडत नाही, म्हणून डोसही तेवढाच.

एकदा असंच सलाईन लावून झाल्यावर मुलाच्या आजीनं मला विचारलं, हे पांढरं पीठ कशाचं? मी म्हटलं, घोड्याच्या रक्तातून काढतात. ती हसली. मास्तर पोरांना गंमत सांगतात तसं मी सांगतोय असं तिला वाटलं असावं. मला मात्र तेव्हापासून वाटायला लागलं की हा प्राणी आपण एकदा नीट बघितला पाहिजे.

करोनाच्या आधीच्या एका हिवाळ्यात परळला कामानिमित्त जाणं झालं. माझा मेव्हणा बँकेत होता आणि रेसच्या दिवशी महालक्ष्मीला टोटच्या, म्हणजे पैजेची तिकिटं विकायच्या, खिडकीवर बसायचा. रेसकोर्सवर अशी दिवसाच्या बोलीवर काम करणारी नोकरदार मंडळी बरीच असत. तो म्हणाला, ‘दाजी, घोडेच बघायचेत ना? मग रविवारी या.’

महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावरून एका बाजूला धोबीघाट दिसतो. तिथून चालत पाच-दहा मिनिटांत एवढी मोठी मोकळी हिरवी जमीन समोर येते, यावर मुंबईत राहणाऱ्यांचाही विश्वास बसत नसेल. दोनशे एकरांच्या वर. १८८३ पासून इथे शर्यती होतात. मैदान मेलबर्नच्या कॉलफिल्डच्या धर्तीवर आखलंय म्हणतात. त्याआधी शर्यती भायखळ्याला होत, आणि टर्फ क्लब तर त्याहून जुना, १८०२ चा. पंचम जॉर्जच्या काळात, १९३५ मध्ये, त्याला ‘रॉयल’ लागलं, ते अजून आहे.

मेव्हणा खिडकीत गेला आणि मी पॅडॉकच्या कठड्याला जाऊन टेकलो. शर्यतीआधी घोडे इथे गोल फिरवतात. मी तोवर घोडा म्हणजे टांग्याचा किंवा चौपाटीवरचा बघितलेला. हे जनावर निराळंच. कातडी इतकी पातळ की खाली शीर उमटलेली दिसते. मानेवरची ती जाड शीर बघून माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो सुईचा. बाकीचे लोक चाल बघत होते, घाम बघत होते, पुस्तकात खुणा करत होते. मी एकटाच असेन की जो मनात हिशेब करत होता: पाचशे किलोचं जनावर, अंगात पन्नासेक लीटरच्या आसपास रक्त, त्यातून एका वेळी किती काढता येईल.

तिथे विकत मिळणारं रेसचं पुस्तक मला सगळ्यात जास्त आवडलं. धंद्याची सवय. प्रत्येक घोड्याचं नाव, वय, रंग, बाप, आई, आईचा बाप, मालक, ट्रेनर, जॉकी, पाठीवर आज किती वजन, मागच्या शर्यतींत कितवा आला, किती अंतरानं हरला. इतकी नेटकी नोंदवही मी कुठल्याच कचेरीत पाहिली नव्हती. मागे जायचं तर या जातीची बापाकडची सगळी वंशावळ अठराव्या शतकाच्या आसपास इंग्लंडात नेलेल्या तीन घोड्यांपर्यंत पोचते. भारतातल्या शिंगरांची नोंद ठेवणारं स्टड बुक पुण्यात आहे. आई-बाप खरे का खोटे हे आता डीएनए तपासून ठरवतात. १९४३ ला पहिली इंडियन डर्बी झाली, ती बडोद्याच्या गायकवाडांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ नावाच्या घोडीनं जिंकली आणि तिच्यावर एडगर ब्रिट नावाचा जॉकी होता, हे शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला न विचारता सांगितलं. पुढे त्यांनी पेसी श्रॉफची आठवण काढली, जॉकी म्हणून आठ डर्बी जिंकणारा. एवढी पाठांतरं मी फक्त कीर्तनकारांकडे ऐकली होती.

पहिल्या दोन शर्यती मला कळल्याच नाहीत. लांबवर काहीतरी रंगीत हलतं, लाउडस्पीकरवर इंग्रजी नावांचा सपाटा सुरू होतो, मग स्टँडमधून एक गुरगुर उठते, ती चढत चढत जाते आणि बारा-चौदा घोडे समोरून निघून जातात. टापांचा आवाज कानापेक्षा पायांतून कळतो. तिसऱ्या शर्यतीला मी अगदी कठड्याशी उभा राहिलो. जवळून गेलेल्या घोड्यांच्या नाकपुड्यांतला लाल रंग दिसला. एरवी मिनिटाला तीस-चाळीस पडणारे ठोके या वेळी दोनशेच्या वर जातात, आणि धावताना प्लीहा साठवलेल्या लाल पेशी रक्तात सोडून देते. हे मी पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी बघितल्यावर पुस्तकातलं वाक्य जरा फिकं वाटलं.

पैसे मी लावले नाहीत. भित्रेपणा म्हणा. मेव्हण्यानं मधल्या वेळात टोटचा हिशेब समजावला. एका घोड्यावर लागलेले, दुसऱ्यावर लागलेले, सगळे पैसे एकाच पेटीत. त्यातून कर आणि क्लबचा वाटा वजा, उरलेले जिंकलेल्या तिकिटांत वाटायचे. म्हणजे तुम्ही क्लबविरुद्ध खेळत नाही, शेजारच्या माणसाविरुद्ध खेळता. जीएसटीचे तेव्हा अठ्ठावीस टक्के थेट लावलेल्या रकमेवरच जात होते, म्हणून खिडकीवरची गर्दी ओसरली आणि बेकायदा बुकींचं फावलं, अशी त्याची तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नाही, असा निकाल दिलाय. सेकंड एन्क्लोजरमध्ये फाडून टाकलेल्या तिकिटांचा खच बघून कौशल्य नेमकं कुणाचं, असं मनात आलं; घोड्याचं आणि जॉकीचं असणार.

जॉकींना वजन करताना पाहिलं ते विसरणार नाही. शर्यतीआधी खोगीर हातात घेऊन काट्यावर, शर्यत संपल्यावर पुन्हा काट्यावर. वजन कमी भरलं तर जिंकलेली शर्यत जाते. हलक्या जॉकीला ठरलेलं वजन गाठायला खोगिराच्या पिशवीत शिशाच्या पट्ट्या भरतात. मूळ माणूस पन्नास किलोच्या आत-बाहेर. ते टिकवायला उपाशी राहणं, वाफेत बसून घाम काढणं आलंच. वजनकाटा हा आमच्या जव्हार-मोखाड्याचा जिव्हाळ्याचा विषय. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीत कुपोषणानं बालमृत्यू झाले तेव्हापासून आमच्याकडे सगळं सरकार मुलं मोजायला येतं. दंडाला पट्टी, झोळीचा काटा, तक्त्यावर लाल-पिवळे-हिरवे ठिपके. जॉकींच्या काट्याशेजारी उभं राहून या दोन वजनांची तुलना करायचा मोह फार होता. पण खरं सांगायचं तर ती तुलना जुळत नाही. जॉकीनं उपास स्वतः निवडलेला असतो, आणि त्याला त्याचे पैसे मिळतात. मी तो विषय तिथेच सोडला.

संध्याकाळी घरी जाताना मेव्हण्याला माझा मूळ प्रश्न विचारला. हे घोडे पळायचे थांबले की जातात कुठे? तो म्हणाला, चांगले असतात ते स्टड फार्मवर, काही रायडिंग स्कूलला, काही पोलिसांकडे, बाकीचं मला विचारू नका.

बाकीच्यातलं थोडं मला ठाऊक होतं, आमच्याच धंद्यातून. पुण्याच्या पूनावालांचा स्टड फार्म १९४६ चा. त्यांचे म्हातारे झालेले शर्यतीचे घोडे परळच्या हाफकिन संस्थेला सिरम काढण्यासाठी दिले जात. घोडे आपले, तर सिरमही आपणच का काढू नये, या विचारातून सायरस पूनावालांनी १९६६ ला सिरम इन्स्टिट्यूट काढली. सुरुवातीचं औषध धनुर्वाताचं. म्हणजे आज जगभर लस पुरवणाऱ्या कारखान्याच्या मुळाशी रेसचा घोडा आहे. आता सर्पदंशाच्या औषधासाठी वंशावळीचे देखणे घोडे लागत नाहीत. धट्टीकट्टी तट्टं, खेचरं चालतात. विष बरंचसं तामिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं. तिथले साप आणि आपले साप यांच्या विषात फरक पडतो, म्हणून कधी कधी आमच्याकडे डोस जास्त लागतो असं डॉक्टर सांगत. ते विष अगदी थोडं थोडं, वाढवत वाढवत घोड्याला टोचतात. काही महिन्यांत त्याच्या रक्तात प्रतिकार तयार होतो. मग रक्त काढतात, त्यातला पिवळा द्रव ठेवतात आणि लाल पेशी परत घोड्याच्या शिरेत सोडतात. हाफकिनचे असे घोडे पिंपरीला असतात.

दुसऱ्या दिवशी परळचं काम दुपारीच आटोपलं. हाफकिनची ती जुनी इमारत, एके काळी गव्हर्नरचा बंगला असलेली, बाहेरून डोळे भरून बघितली. १८९६ च्या प्लेगात संस्थेला ज्याचं नाव आहे त्या हाफकिननं लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना. पुढे १८९९ मध्ये प्रयोगशाळा या बंगल्यात आली. तिथून मी भायखळ्यालाच गेलो, राणीच्या बागेजवळच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात. १८७२ चं, मुंबईतलं सगळ्यात जुनं. महालक्ष्मीच्या आधी जिथे शर्यती होत तो भाग आसपासच कुठेतरी होता, पण आजच्या भायखळ्यात उभं राहून त्याचा काही पत्ता लागत नाही. संग्रहालयात मातीची छोटी छोटी माणसं आहेत, नाना पेशांची, नाना पगड्यांची. मी घोडेवाला शोधत होतो. सुतार, कुंभार, विणकर बघता बघता तास गेला आणि मूळ शोध राहूनच गेला.

घोडा भेटला तो बाहेर, बागेत. काळा घोडा म्हणून जो चौक आपण ओळखतो तिथला मूळ पुतळा इथे आहे. पुढे सातवा एडवर्ड झालेला युवराज घोड्यावर बसलेला. अल्बर्ट ससूननं दिलेला हा पुतळा बोहेम या शिल्पकारानं केला, १८७९ ला बसवला, आणि १९६५ ला तिथून हलवून इकडे आणला. त्या चौकात २०१७ पासून नवा घोडा उभा आहे, त्याच्यावर स्वार नाही. मला तो नवाच जास्त आवडतो. जुन्या पुतळ्यात सगळा रुबाब वरच्या माणसाचा, खालचं जनावर नुसतं बैठक. शाळेच्या सहलीतली मुलं पुतळ्याकडे न बघता पेंग्विनच्या दिशेनं पळत होती.

तिथे एका बाकावर बसून मी माझ्या मनातला गुंता थोडा सोडवला. कालच्या मैदानावरच्या घोड्याला आजोबा-पणजोबा होते, अर्ध्या किलोपर्यंत मोजलेलं वजन होतं, हरल्याचीसुद्धा छापील नोंद होती. माझ्या कपाटातल्या घोड्याला फक्त बॅच नंबर. तोही एका घोड्याचा नसतो, पुष्कळ घोड्यांचा रक्तद्रव एकत्र केलेला असतो. हा अन्याय आहे असं म्हणायचा माझा हेतू नाही. औषधाला एकसारखेपणा लागतो आणि शर्यतीला वेगळेपणा. नोंदी त्या त्या गरजेप्रमाणे होतात. पण दोन हजार ते दोन हजार एकोणीस या वीस वर्षांत भारतात साप चावून बारा लाखांच्या आसपास माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेकांच्या मृत्यूची दवाखान्यात नोंदच झालेली नाही, घरीच गेली. आकडा काढावा लागला तो गावोगाव घरच्यांना विचारून. नोंदवही सांभाळण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे जास्त टोचतं. ज्याच्यावर पैसे लागलेले असतात, त्याचीच वही नीट भरली जाते.

महालक्ष्मीबद्दल आता अधूनमधून बातम्या येतात. पालिकेकडून घेतलेला भाडेपट्टा २०१३ लाच संपला होता. २०२४ मध्ये ठरलं, की २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी जायची आणि ९१ एकर क्लबकडे राहायची. मुंबईकरांना बाग मिळणार असेल तर मी नाही म्हणणारा कोण. फक्त धावपट्टी शाबूत राहावी. मुंबईत मोठं जनावर जिवाच्या आकांतानं धावताना बघायला मिळेल अशी दुसरी जागा नाही.

परत आल्यावर पावसाळ्याच्या तोंडावर आशाताईंची बैठक होती. सर्पदंशाचा विषय दरवर्षी असतो आणि दरवर्षी तोच बोलला जातो: आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, हलवू नका, लगेच आणा. या वेळी मला बोलायला सांगितलं. मी रेसकोर्सपासून सुरुवात केली. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. पण खोलीतली चुळबुळ थांबली होती. पाचशे किलोचं जनावर, त्याच्या मानेची शीर, त्याला टोचलेलं नागाचं विष, त्याच्या रक्तातून काढलेलं आपलं औषध, हे सगळं मी जेवढं पाहिलं, वाचलं होतं तेवढं सांगितलं.

खोडाळ्याकडच्या एका पाड्यावरच्या ताई, एरवी सही करून गप्प बसणाऱ्या, त्यांनी विचारलं, ‘घोड्याला इख नाय चढत का?’

म्हटलं, थोडं थोडं देतात म्हणून चढत नाही. पण टोचलेल्या जागी सूज येते, कधी गळू होतं, कधी ताप भरतो.

‘मंग त्याला सुट्टी कोण देतो?’

म्हटलं, नियम आहे. रक्त काढलं की मध्ये विश्रांती द्यावी लागते, तपासायला जनावरांचा डॉक्टर असतो. नियम सगळीकडे पाळतात का, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला ठामपणे हो म्हणता आलं नसतं. शेजारच्या दुसऱ्या ताई म्हणाल्या, आमच्या भगताला हे सांगायला पायजे, त्याच्या घरच्या चौकात घोडा हाये, तो ऐकंल. पहिल्या म्हणाल्या, तो ऐकंल पण पेशंट सोडणार नाय. यावर बराच वेळ हशा आणि वाद झाला. शेवटी असं ठरलं, की भगतानं त्याचं काय ते करावं, पण दवाखान्याच्या वाटेवर, गाडीत बसून करावं. डॉक्टरांनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं की नाही मला माहीत नाही. त्यांनी पुढचा विषय पुकारला, विहिरीत टाकायच्या टीसीएल पावडरचा, आणि मी साठा किती आहे ते बघायला उठलो.